फुप्फुसाचा जुनाट विकार आणि घरची नोंदवही

ज्यांना फुप्फुसाचा जुनाट विकार आहे त्यांच्यावर घरच्या घरी लक्ष कसे ठेवावे, एवढाच आमच्या लेखाचा विषय आहे. डॉक्टर ज्याला सी.ओ.पी.डी. म्हणतात त्या विकारात श्वासनलिका अरुंद होतात, फुप्फुसांतील वायुकोश झिजतात, आणि आत घेतलेली हवा पुरती बाहेर पडत नाही. विडी-सिगारेट हे त्याचे ठळक कारण खरे. परंतु जिने जन्मात विडीला हात लावला नाही, पण चाळीस वर्षे चुलीपुढे फुंकणी घेऊन काढली, अशा आजीलाही तो जडतो. घरोघरी त्याला ‘म्हातारपणाचा खोकला’ म्हणून सोडून देतात, हे मोठेच दुर्दैव होय.

हा विकार समूळ बरा होत नाही. रोग्याचे अधिक नुकसान होते ते मधून मधून उसळणाऱ्या झटक्यांनी. झटका एकाएकी आला असे घरच्यांना वाटते. तथापि पुष्कळदा त्याची चाहूल आधी लागलेली असते. कॅनडातील अँथोनिसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली झटक्याचा जोर ठरविण्यासाठी तीन खुणा मुख्य धरल्या: धाप वाढणे, बेडका अधिक पडणे आणि त्याचा रंग पिवळा-हिरवा होणे. या तिन्ही पाहावयास यंत्र लागत नाही.

यंत्र हवेच असेल तर पल्स ऑक्सिमीटर आहे. त्याचे मूलतत्त्व जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली मांडले. प्राणवायूने भरलेले रक्त तांबडा प्रकाश कमी शोषते व अवरक्त अधिक. बोटातून पार होणाऱ्या या दोन प्रकाशांच्या प्रमाणावरून टक्केवारी निघते. पहाटे थंड पाण्याने हात धुऊन लगेच बोट घातले, किंवा नखाला रंग असला, तर आकडा चुकू शकतो. पाच मिनिटे स्वस्थ बसून, हात ऊबदार असताना, रोज ठरावीक वेळी मोजावे. अमेरिकेत २०२० साली असे आढळले की काळ्या वर्णाच्या रोग्यांत हे यंत्र प्रत्यक्षाहून जास्त आकडा दाखवून फसविण्याचे प्रमाण गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट आहे. आपण सावळ्या माणसांनी हे विसरू नये.

शिवाय सुनेचा आकडा ९८ आणि सासऱ्यांचा ९१, म्हणून घाबरण्यात अर्थ नाही. सासऱ्यांचा बऱ्या दिवसांतला आकडा कोणता, हे आधी डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. तुलना त्याच्याशी करावी. यांतील काही रोग्यांच्या शरीरात कर्बवायू साचतो. त्यांना प्राणवायू फाजील दिल्यास अपाय होतो. म्हणून डॉक्टर अशांचा आकडा बहुधा ८८ ते ९२ च्या दरम्यान ठेवतात. सिलिंडरची चावी घरच्यांनी परस्पर फिरवू नये.

आता मुख्य मुद्दा. स्कॉटलंडमध्ये २५६ रोग्यांवर एक प्रयोग झाला. त्याचा निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या रोग्यांच्या घरी यंत्रे बसविली, रोजची माहिती वैद्यकीय पथकाकडे जाई. वैद्यकीय सेवा मात्र दोन्ही गटांना सारखीच होती. यंत्रांमुळे रुग्णालयात दाखल होण्याची वेळ काही लांबली नाही! यावरून यंत्र निरुपयोगी ठरते असे आम्ही म्हणत नाही. पण चांगल्या सेवेची जागा ते घेत नाही, हे उघड आहे. म्हणून आपल्या न्यासाने पुढेमागे ऑक्सिमीटर वाटावयाचे ठरविले, तर प्रत्येक यंत्रामागे दूरध्वनी उचलणारा एक जाणता माणूसही नेमावा. तो नसेल तर यंत्रे घेऊच नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

घरात शाळकरी मूल असल्यास नोंदवही त्याच्याकडे द्यावी. (आम्ही मास्तर, वहीवर आमचा लोभ अंमळ जास्तच!) तारीख, धाप, बेडका, आकडा, औषधाचा पंप ओढला की नाही, एवढे पुरे. पहिल्या पानावर डॉक्टरांनी ठरवून दिलेला आकडा, आणि बिघाड दिसल्यास कोणते औषध वाढवावयाचे व कोणास कळवावयाचे, हे त्यांच्याच हातचे असावे. धाप नेहमीपेक्षा वाढून दुसऱ्या दिवशीही तशीच राहिली, तर आकडा चांगला असला तरी कळवावे.

परंतु ओठ निळसर पडले, एक वाक्यही सलग बोलवेना, रोगी गुंगीत जाऊ लागला किंवा असंबद्ध बोलू लागला, तर वही शोधत बसू नये. तडक रुग्णालय गाठावे.