गणितज्ञ ग्रंथपाल आणि वाङ्मयाचे वर्गीकरण

ग्रंथपाल म्हणजे ग्रंथांचा रखवालदार, ही समजूत आपल्या महाविद्यालयांतून अद्याप पुरती गेलेली नाही. वस्तुतः वैज्ञानिक आणि ग्रंथपाल या भूमिका इतिहासात अनेकदा एकाच व्यक्तीच्या ठायी एकवटल्या आहेत. पृथ्वीचा परीघ मोजणारा एराटोस्थेनिस अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख होता. कलनशास्त्राचा एक जनक लायब्निझ १६७६ पासून हानोव्हरला ग्रंथपाल होता. भारतातील ठळक उदाहरण शि. रा. रंगनाथन (१८९२-१९७२) यांचे होय.

मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकविणारे रंगनाथन १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे ग्रंथरूपाने मांडली, तर १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध केली. मोजक्या सूत्रांतून सर्व व्यवहाराचे नियम काढावेत आणि विषयाचे घटकांत पृथक्करण करून चिन्हांनी त्यांची पुनर्जुळणी करावी, ही दोन्ही वळणे गणिताचीच आहेत.

साहित्याच्या अभ्यासकाचा या वळणाशी थेट संबंध येतो. या पद्धतीत साहित्यकृतीचे स्थान भाषा, वाङ्मयप्रकार, लेखक आणि कृती या क्रमाने ठरते आणि लेखक त्याच्या जन्मवर्षाने दर्शविला जातो. १५६४ साली जन्मलेला शेक्सपिअर ‘जे ६४’ होतो. येथे ‘जे’ हे १५०० ते १५९९ या शतकाचे चिन्ह होय. योजना निर्दोष भासते. परंतु तुकारामांचा जन्म १५९८ चा की १६०८ चा, याविषयी मतभेद आहेत. पहिले वर्ष स्वीकारल्यास ‘जे ९८’, दुसरे स्वीकारल्यास ‘के ०८’; म्हणजे कवीचे शतकच बदलते. जात्यावरच्या ओव्यांना तर कर्त्याचे नावही नाही. तेथे जन्मवर्ष कोठून आणावे? बखर इतिहासात ठेवावी की वाङ्मयात, हा प्रश्न निराळाच.

एवढ्यावरून पद्धतीस सदोष ठरविणे उतावळेपणाचे होईल. उलट, आपल्या वाङ्मयेतिहासात निश्चित काय आणि गृहीत काय, हे ती नेमके उघड करते. मात्र क्रमांक एकदा ग्रंथाच्या पाठीवर चढला की त्यामागचा वाद दिसेनासा होतो. म्हणून संशोधक विद्यार्थ्याने ग्रंथक्रमांकाकडे सिद्धान्त म्हणून नव्हे, तर तपासून पाहावयाचे गृहीतक म्हणून पाहावे. गणितज्ञ ग्रंथपालाकडून साहित्याच्या अभ्यासकाने घ्यावयाची शिस्त हीच होय.