परदेशी नोकरी आणि आयकर : विमानाची तारीख आधी मोजा



आयटीआय, डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंग करायचं, पाताळगंगा, रसायनी नाहीतर खोपोलीच्या कारखान्यांत चार-पाच वर्षं काढायची आणि मग आखातात नोकरी धरायची, ही वाट आपल्या कर्जत-खालापुरात आता नवी नाही. मेडिकल, व्हिसा, डिग्रीचं अटेस्टेशन यांची माहिती एजंट देतो. आयकराचं मात्र कुणी सांगत नाही. "दुबईला टॅक्स नाही" एवढं सगळ्यांना पाठ असतं. वाक्य खरं आहे, पण ते दुबई सरकारच्या करापुरतं. भारत सरकार तुमच्याकडून कर घेणार की नाही, हे दुबई ठरवत नाही. ते ठरतं दिवसांवरून. आज तोच हिशेब शिकूया.

पहिली गोष्ट म्हणजे पासपोर्ट भारतीय आहे म्हणून भारतात कर लागतो, असं नाही. आयकर कायदा नागरिकत्व बघत नाही, तो 'निवासी' की 'अनिवासी' एवढं बघतो. निवासी माणसाचं जगभरातलं उत्पन्न इथे मोजलं जातं. अनिवासी माणसाचं फक्त भारतात कमावलेलं किंवा भारतात मिळालेलं. आणि हे दरवर्षी नव्याने ठरतं, १ एप्रिल ते ३१ मार्च.

निवासी कोण? त्या आर्थिक वर्षात जो १८२ किंवा अधिक दिवस भारतात होता तो. दुसरी एक कसोटी आहे : वर्षात ६० दिवस आणि मागच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस. आता तुम्ही म्हणाल, आम्ही तर जन्मापासून इथेच, मग ६० दिवस म्हणजे ३० मे लाच भरले की! बरोबर. म्हणूनच नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकाला त्या वर्षापुरती सूट दिली आहे. त्याच्यासाठी ६० च्या जागी १८२ च धरायचे. मात्र जाणं खरोखर नोकरीसाठी हवं. ऑफर लेटर, करार, नोकरीचा व्हिसा हे कागद जपून ठेवा. व्हिजिट व्हिसावर जाऊन तिथे काम शोधत बसलात, तर ही सूट सिद्ध करणं अवघड जातं.

आता बोटांवर मोजा. एप्रिल ३०, मे ३१, जून ३०, जुलै ३१, ऑगस्ट ३१. झाले १५३. सप्टेंबरचे २८ मिळवले की १८१. म्हणजे २८ सप्टेंबरला देश सोडला तर अनिवासी, २९ सप्टेंबरला सोडला तर १८२ भरले, निवासी.

एका दिवसाने काय बिघडतं? समजा, दहिवलीचा एक मुलगा पाताळगंगेच्या कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर आहे, पगार महिना ६०,०००. अबुधाबीत नोकरी लागली, तिकडचा पगार रुपयांत महिना २,५०,०००. वर्ष २०२५-२६ घेऊ, करपद्धती नवी. सोपं जावं म्हणून दोन्हीकडचा पगार सहा-सहा महिने धरू.

तो २५ सप्टेंबरला गेला. दिवस १७८, अनिवासी. भारतातला पगार ३,६०,०००. त्यातून ७५,००० ची प्रमाणित वजावट काढली की उरले २,८५,०००. चार लाखांपर्यंत कर नाही. अबुधाबीचे १५ लाख इथे मोजायचेच नाहीत. कर शून्य.

आता तोच मुलगा "घटस्थापना झाली, दसरा घरी करूनच जातो" म्हणाला आणि ५ ऑक्टोबरला गेला. दिवस १८८, निवासी. एकूण १८,६०,०००, वजावटीनंतर १७,८५,०००. चार ते आठ लाखांवर ५ टक्के म्हणजे २०,०००. आठ ते बारावर १० टक्के, ४०,०००. बारा ते सोळावर १५ टक्के, ६०,०००. उरलेल्या १,८५,००० वर २० टक्के, ३७,०००. बेरीज १,५७,०००, त्यावर ४ टक्के उपकर ६,२८०. एकूण १,६३,२८०.

दहा दिवसांची किंमत एक लाख त्रेसष्ट हजार! दसरा सोडा असं मी म्हणत नाही. पण जॉइनिंगची तारीख ठरवताना हा आकडा समोर असावा. कंपनीला "आठवडाभर आधी येऊ का?" एवढं विचारायला काय हरकत आहे? जर्मनीसारख्या देशात गेलात तर तिथे कर कापलेला असतो. त्याचं श्रेय इथे मागता येतं, त्यामुळे फटका कमी बसतो. आखातात पगारावर करच नसल्याने श्रेय कशाचं मागणार?

उलट बाजूही सांगतो. ऑफर नोव्हेंबरची असेल, तर कर वाचवण्यासाठी जाणं पुढच्या एप्रिलवर ढकलू नका. पाच महिन्यांचा पगार जाईल आणि कर त्याच्या मानाने किरकोळ असेल. मोठा करदेखील पगाराचा एक भागच असतो, हे गणितातलंच आहे.

अगदी काठावरचं तिकीटही काढू नका. आखाताची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर २९ तारीख असते, इमिग्रेशनचा शिक्का २८ चा पडेल या भरवशावर आपण निघतो, आणि चौक ते पनवेल ट्रॅफिक कसं असतं हे तुम्हाला मी सांगायला नको. चार-पाच दिवस हाताशी ठेवा. कोरोनात विमानं बंद झाली तेव्हा ८ मे २०२० ला खास परिपत्रक काढून, भेटीला येऊन अडकलेल्यांचे २२ ते ३१ मार्चचे दिवस मोजणीतून वगळले होते. अशी सवलत नेहमी मिळेल असं धरून चालू नये.

बरेच जण जिथे अडकतात ती गोष्ट पुढे आहे. गेलेले दिवस मोजतात, आलेले मोजत नाहीत. २० सप्टेंबरला गेलात, १७३ दिवस. ठीक. मग दिवाळीला १७ ते २६ ऑक्टोबर घरी आलात. दहा दिवस मिळवा, १८३. झालात निवासी! दिवस सलग असायची अट कुठेच नाही. येण्याचा आणि जाण्याचा दिवस दोन्ही मोजून ठेवणं सुरक्षित.

पगार कुठे जमा होतो, हेही बघा. अनिवासी माणसालाही भारतात मिळालेलं उत्पन्न इथे करपात्र आहे. म्हणून पगार थेट कर्जतच्या बँकेत मागवू नका. आधी तिकडच्या खात्यात घ्या, मग घरी पाठवा. असा पाठवलेला पैसा पुन्हा उत्पन्न धरला जात नाही. विदेशी जहाजांवरच्या अनिवासी खलाशांना एनआरई खात्यात थेट पगार घेण्याबाबत २०१७ च्या परिपत्रकाने सवलत दिली आहे. आपल्या जिल्ह्यात जहाजावर जाणारी मुलं आहेत, त्यांनी ते जरूर वाचावं.

बँकेचा नियम मात्र निराळा आहे आणि इथे विद्यार्थी हमखास गोंधळतात. खात्यांना लागतो फेमा कायदा. त्याच्या लेखी तुम्ही नोकरीसाठी बाहेर पडलात की अनिवासी, १८२ मोजत बसायचं नाही. साधं बचत खातं एनआरओ करून घ्यायचं. एनआरओच्या व्याजावर उपकर धरून ३१.२ टक्के टीडीएस कापतात, एनआरईचं व्याज करमुक्त. तिकडून पाठवलेले पैसे कुठे ठेवायचे ते यावरून ठरवा. फेमाचीच आणखी एक गाठ : अनिवासी झाल्यावर शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारसाने आलेली ठेवता येते. "दुबईच्या पैशातून नेरळला दोन गुंठे घेऊ" म्हणणाऱ्यांनी हे आधी ऐकावं.

पुढच्या वर्षांत सुट्टीला येताना मर्यादा १८२ दिवसांचीच. पण भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर गेलं, तर ती १२० दिवसांवर येते. आमचं कसलं आलंय एवढं उत्पन्न, असं वाटेल. आपल्या भागात जमिनीला काय भाव आलेत ते आठवा. शहराजवळचा एखादा तुकडा विकला की त्या वर्षीचा भांडवली नफा सहज हा आकडा ओलांडतो. तरी घाबरू नका. या १२० दिवसांच्या नियमाने जो निवासी होतो त्याला मधला दर्जा मिळतो आणि परदेशातल्या पगारावर कर लागत नाही. जमिनीच्या नफ्यावरचा कर वेगळा. आणि विकणारा अनिवासी असेल तर त्या नफ्यावरचा टीडीएस कापणं घेणाऱ्याचं काम. हे त्याला आधी सांगा, नाहीतर व्यवहार ऐनवेळी अडतो.

रिटर्नचं थोडक्यात. अनिवासी झालात तर आयटीआर-१ चालत नाही, पगारदाराने आयटीआर-२ भरायचा. बारा लाखांपर्यंत कर शून्य करणारी सवलत फक्त निवासींना आहे. इथला सहा महिन्यांचा पगार सहा लाख असेल तर वजावटीनंतर ५,२५,००० उरतात आणि अनिवासी माणसाला ६,५०० रुपये कर बसतो. कारखान्याने वर्षभराचा पगार गृहीत धरून जास्त टीडीएस कापला असेल तर तो परत मिळतो, पण रिटर्न भरल्यावरच. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी २०२५ चा कायदा आला, तरी १८२ दिवसांचं गणित तेच आहे.

स्वाध्याय : चौकची एक नर्स १४ सप्टेंबर २०२५ ला नोकरीसाठी मस्कतला गेली. दिवाळीला १८ ते २५ ऑक्टोबर घरी आली. शिमग्याला २८ फेब्रुवारी ते ६ मार्च २०२६ पुन्हा आली. येण्या-जाण्याचे सगळे दिवस मोजा. २०२५-२६ मध्ये ती निवासी की अनिवासी? आणि शिमग्याचं परतीचं तिकीट एक दिवस आधीचं काढलं असतं तर?