बायपास सोड आणि गावात वळ

अगं, ‘ताई, मला जमेल ना?’ हे किती वेळा विचारशील? रोज हडपसरच्या गर्दीतून गाडी काढतेस, मुलांना क्लासला सोडून ऑफिस गाठतेस, मग इंदापूरची कसली धास्ती? खरं सांगू का, पहिल्यांदाच स्वतः लांब गाडी न्यायची तर मी तुला सोलापूर रस्ताच सुचवला असता. साधारण १४० किलोमीटर, आणि वाटेत घाट नाही. जपायचं ते यवत, चौफुल्यासारख्या गावांपाशी. तिथं दुचाकी उलट्या दिशेनंही येतात, म्हणून वेग कमी ठेव.

सहाच्या आत हडपसर सोड. फास्टॅगमध्ये पैसे आणि स्टेपनीत हवा आदल्या दिवशीच बघून ठेव. आणि वाटेत बाथरूम मिळेल की नाही या भीतीनं पाणी कमी पिऊ नकोस गं! मोठा पंप किंवा बरं हॉटेल दिसलं की गरज नसली तरी सगळ्यांना उतरव.

भिगवणला मात्र घाई नको. नोव्हेंबर ते मार्चमध्ये जाणार असशील तर डावीकडे कुंभारगावात वळ. तिथले मच्छीमारच होडीतून रोहित पक्षी दाखवायला नेतात. मुलांना लाइफ जॅकेट मागून घे, नसेल तर होडीत बसवूच नकोस, कोणी कितीही ‘काही होत नाही’ म्हणालं तरी. पुढं पळसदेव लागेल. बघ, हे सगळं पाणी उजनी धरणाचं आहे. १९८० मध्ये धरण झालं, भीमाकाठची गावं उठली, आणि पळसदेवचं जुनं पळसनाथाचं देऊळ पाण्यात गेलं. उन्हाळ्यात पाणी फारच आटलं तर ते उघडं पडतं. सोलापूरची तहान आणि आपल्याकडचा ऊस कोणाच्या घरादारावर उभा आहे, हे मुलांना तिथंच सांग. घरी पुस्तक समोर धरून ते पोचत नाही.

मग इंदापूर. महामार्ग गावाला बाहेरून वळसा घालतो, म्हणून हजारो गाड्या इंदापूर न बघता सोलापूरला जातात. तू वळ. इथल्या लढाईत मालोजीराजे भोसले पडले, शिवरायांचे आजोबा. नंतर शहाजीराजांच्या जहागिरीत पुणे, सुपे, चाकण यांच्याबरोबर इंदापूरही होतं. गावात मालोजीराजांची गढी आहे, चाँदशाहवलींचा दर्गाही आहे. मुलं ‘किल्ला कुठंय?’ म्हणतील, तेव्हा रायगडाचा थाट इथं शोधायचा नाही, हे आधीच सांगून ठेव. खरं तर मला हे ठिकाण रायगडाइतकंच मोलाचं वाटतं. निजामशाहीतला एक सरदार इथं पडला आणि मागं लहान शहाजीराजे राहिले. पुढचा सगळा इतिहास त्या पोरक्या पोरापासून सुरू होतो. पार्किंगसाठी गाडी बोळात घालू नकोस, रुंद रस्त्याला लाव आणि चालत जा.

नीरा-नरसिंहपूर त्याच दिवशी कोंबायचा मोह टाळ. तालुक्याच्या पूर्व टोकाला नीरा आणि भीमेचा संगम, काठावर लक्ष्मीनृसिंहाचं देऊळ. कित्येक घराण्यांचं ते कुलदैवत आहे. तिथं सावकाश बसायचं असतं, त्यासाठी मुक्काम कर नाहीतर पुढच्या वेळी जा. ‘सगळं बघून झालं’ हे कोणाला दाखवायचंय तुला?

आता जी गोष्ट मला खरंच काळजीची वाटते ती. ऊसगाळपाचा हंगाम असेल तर अंधारात गाडी चालवू नकोस. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर मातीनं झाकलेला, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. समोरच्या गाडीच्या झोतात ते दिसतच नाहीत. बैलगाड्याही असतात. परतताना उजेडातच पाटस मागं पडलं पाहिजे, नाहीतर सरळ बारामतीला मुक्काम कर. त्यात हार नाही गं, शहाणपण आहे. आषाढी वारीच्या दिवसांत निघणार असशील तर पालखीचं वेळापत्रक बघूनच तारीख ठरव. इंदापुरात तुकोबांच्या पालखीचं गोल रिंगण होतं, तेव्हा गाडीला वाट मिळणार नाही.

परतताना पालखी मार्गानं ये, निमगाव केतकी, बेलवाडी, सणसर, बारामती असं. तुझ्या सासूबाई या वाटेनं वारीला चालल्या आहेत ना? मग त्यांना पुढच्या सीटवर बसव आणि मॅपचा आवाज बंद कर. कुठं वळायचं ते त्या सांगतील. त्या शिवलीलामृताचं पारायण करतात, तर श्रीधरस्वामींनी ते शके १६४० मध्ये बारामतीतच पूर्ण केलं, हे वाटेत त्यांना आठवणीनं सांग. त्या नक्की थांबायला लावतील, तेवढा अर्धा तास हिशोबात धर.