संमेलनाची रंगभूषा

डिसेंबर उजाडला कीं आमच्या मुलींच्या बोलण्यांत अभ्यासापेक्षां स्नेहसंमेलनांतील नृत्याचा विषय अधिक येऊं लागतो. त्यांत वावगें कांहीं नाहीं. प्रखर दिव्यांखालीं चेहऱ्याचे उठाव पुसट होतात, मागच्या रांगेंतील पालकांस डोळे व ओंठ दिसत नाहींत. म्हणून मंचावर चेहरा रंगवावा लागतो. एरव्हीं सोळा वर्षांच्या गालांस रंगाची गरज नाहीं असें माझें मत आहे, असो.

गेल्या खेपेस एका विद्यार्थिनीनें संमेलनाच्या दोन दिवस आधीं हातांवर काळी मेंदी काढून घेतली. ऐन संमेलनाच्या सकाळीं हात सुजून त्यांवर फोड आले. तिच्या जागीं दुसरी नाचली. ही ओढणीखालीं हात झांकून पडद्याआड बसली होती. “पूर्वीं एका लग्नांत हीच मेंदी लावली, तेव्हां कांहीं झालें नव्हतें,” असें ती पुनःपुन्हां म्हणे. खरी गोम तेथेंच आहे. मेंदीच्या पानांचा रंग नारिंगी-तपकिरी. तो काळाभोर व्हावा म्हणून तींत पुष्कळदां पॅराफेनिलीनडायअमाइन हें केसांच्या कलपांतील रसायन कालवितात. पहिल्या वेळीं शरीर तें मुकाट्यानें सोसतें, पण कित्येकांचें शरीर त्यास वैरी म्हणून ओळखून ठेवतें व दुसऱ्या वेळीं उसळतें. ही ओळख बहुधा जन्मभर पुसत नाहीं.

१९३३ सालीं अमेरिकेंतील डेटन शहरीं एका बाईनें शाळेच्या शिक्षक-पालक संघाच्या समारंभासाठीं ‘लॅश-ल्यूर’ नांवाच्या कलपानें पापण्या रंगवून घेतल्या. त्यांत हेंच रसायन होतें. तिची दृष्टि गेली. असा माल थांबविण्याचा अधिकार तेथील सरकारी खात्यास १९३८ च्या कायद्यानें मिळाला. आपल्याकडे १९४० च्या औषधविषयक कायद्यांत प्रसाधनें आलीं तीं १९६२ च्या दुरुस्तीनें. तरी रस्त्यावरील कोनांत काय भरलें आहे, हें पाहण्यास कायदा येत नाहीं.

म्हणून पालकांस विनंति, कीं चेहऱ्यास लावावयाची प्रत्येक नवी वस्तु आधीं कोपराच्या आंतील बाजूस ठिपक्याएवढी लावून दोन दिवस पाहावी. खाज वा लाली दिसल्यास ती टाकून द्यावी. काळ्या मेंदीची मात्र परीक्षाही नको. काजळाची कांडी प्रत्येकीची वेगळी असावी. मैत्रिणींत डोळे येण्याची साथ अशीच फिरते. रंग उतरवितांना साबणानें खसखसून घासूं नये. थोडें खोबरेल तेल बोटांनीं हलकेंच चोळावें, मऊ कापडानें टिपावें, मग कोमट पाण्यानें तोंड धुवावें.