विजेच्या गाडीची निगा

शेतमाल बाजारांत नेण्यासाठीं विजेवर चालणारी तीनचाकी गाडी आणि घरच्या येण्याजाण्यासाठीं विजेची दुचाकी आतां आमच्या कित्येक सभासदांच्या दारीं उभी आहे. इंजिनचें तेल बदलणें, कार्ब्युरेटर साफ करणें हीं कामें ह्या गाडीस नाहींत. त्यावरून तिला निगाच लागत नाहीं असा समज पसरला आहे. तो समज चुकीचा आहे. आमच्या अनुभवाप्रमाणें ही गाडी रस्त्यावर क्वचितच बिघडते. ती बिघडते ती घरीं, रात्रीं तिला जेथें चार्जिंगला लावतों त्या जागीं. म्हणून त्या जागेपासूनच आरंभ करणें इष्ट.

एका वैशाखांत आमच्याच घरीं घडलेली गोष्ट सांगतों. तीनचाकीचा चार्जर सुमारें १० अँपिअर वीज घेणारा. गोठ्यांतील सॉकेट दिव्यापंख्यापुरतें, ६ अँपिअरचें. मोठा प्लग त्यांत बसेना, म्हणून आम्हीं बाजारांतून अडॅप्टर आणला आणि वायर उरली ती गुंडाळून खुंटीला टांगली. पंधरा दिवस सर्व सुरळीत चाललें. सोळाव्या दिवशीं पहाटे पाहतों तों सॉकेट काळें पडलेलें, प्लग वितळून आंत चिकटलेला, आणि बॅटरी अर्धीच भरलेली. टोमॅटोचे क्रेट भरलेले होते, म्हणून तशीच गाडी काढली. ती बाजाराच्या अलीकडे थांबली व लिलाव हुकला. हें नुकसान थोडकेंच म्हणावयाचें. कारण त्या सॉकेटापासून चार हातांवर कडब्याची गंजी होती.

जोडणी

असें कां झालें? तारेंतून अगर सांध्यांतून जाणारा प्रवाह दुप्पट झाला कीं उष्णता दुप्पट होत नाहीं, चौपट होते. सांधा सैल असला तर ती सर्व उष्णता त्या एका ठिकाणीं सांचते. गुंडाळलेल्या वायरीची उष्णता बाहेर जात नाहीं. म्हणून गाडीसाठीं १६ अँपिअरचें स्वतंत्र सॉकेट, मीटरच्या पेटीपासून आलेली निदान २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार (अंतर लांब असल्यास ४ ची) व तिच्यावर स्वतंत्र एमसीबी असावा. अडॅप्टर वापरूं नये. चार्जिंग सुरू होऊन अर्धा तास झाला कीं सॉकेटाच्या झांकणास हाताची पाठ लावून पाहावी. कोमट लागल्यास हरकत नाहीं. हात ठेववत नसेल तर खटका बंद करून तारतंत्री बोलवावा.

शेतीपंपाच्या जोडणीवरून गाडी चार्ज करण्याचा मोह कित्येकांस होतो. ती जोडणी पंपासाठींच मंजूर असते; मंजूर कारणाहून अन्य कारणास वीज वापरणें हें वीज अधिनियम २००३ च्या कलम १२६ प्रमाणें अनधिकृत ठरतें.

अर्थिंग

तीन पिनांपैकीं जाड पिन ही शोभेची नव्हे. चार्जरच्या आंत बिघाड होऊन गाडीच्या सांगाड्यांत वीज उतरली तर तीच पिन ती जमिनींत नेते. उन्हाळ्यांत जमीन कोरडी पडली कीं अर्थिंग दुबळें होतें, हें पंपामुळें आपणांस ठाऊक आहेच. तेव्हां चैत्रापासून पाऊस लागेपर्यंत अर्थिंगच्या खड्ड्यांत पाणी घालीत जावें. त्याबरोबर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. गळती होतांच तो क्षणार्धांत वीज तोडतो. त्याचें तपासणीचें बटण महिन्यांतून एकदां दाबावें. न तुटल्यास तो निकामी समजावा.

बॅटरी

आपल्या गाडींत बॅटरी कोणत्या जातीची आहे हें प्रथम जाणून घ्यावें. कारण एकीस जें पथ्य तें दुसरीस कुपथ्य होतें.

शिशाच्या बॅटरीस भरलेलें राहणें मानवतें. ती अर्धी रिकामी ठेवून दिल्यास तिच्या पट्ट्यांवर कठीण थर बसतो व तिची शक्ति कायमची घटते. म्हणून गाडी परतली कीं त्याच दिवशीं ती पूर्ण भरावी. पाणी घालण्याच्या जातीची असल्यास चार्जिंग झाल्यानंतर ऊर्ध्वपातित पाणीच घालावें. आधीं भरल्यास चार्जिंगमध्यें तें वर येऊन सांडतें. पट्ट्या मात्र उघड्या पडल्या असतील तर त्या बुडण्यापुरतें आधीं घालावें. विहिरीचें पाणी अगर तेजाब कधींही घालूं नये. चार्जिंगच्या वेळीं हिच्यांतून हायड्रोजन वायु निघतो, तो पेट घेणारा आहे; जवळ विडी ओढूं नये.

लिथियमच्या बॅटरीची गोष्ट निराळी. पूर्ण भरून उन्हांत उभी ठेवणें, किंवा अगदीं रिकामी करून आठवडेच्या आठवडे टाकून देणें, हीं दोन्ही तिला घातक. रिकाम्या बॅटरींतील नियंत्रक यंत्र थोडी थोडी वीज घेतच राहतें; अखेर ती इतकी उतरते कीं पुन्हां चार्ज घेत नाहीं. महिनाभर गाडी लागणार नसेल तर ती सुमारें निम्मी भरून सावलींत ठेवावी व दर महिन्यास पाहावी. रोजच्या कामांत शेंकडा २० च्या खालीं उतरूं देऊं नये. किती भरावी ह्याविषयीं गाडीची पुस्तिका प्रमाण मानावी, कारण कांहीं जातींना मधूनमधून पूर्ण भरणें आवश्यक असतें. उन्हांतून आलेली गाडी तास अर्धा तास निवल्यावरच चार्जिंगला लावावी. एका गाडीचा चार्जर दुसरीस कदापि लावूं नये, आणि बॅटरीची पेटी स्वतः उघडूं नये. ४८ व्होल्टचा धक्का सौम्य वाटला तरी दोन टोकांवर पाना पडल्यास तो लालबुंद होऊन हात भाजतो.

इ.स. २०२२ च्या मार्च-एप्रिलमध्यें देशांत विजेच्या दुचाकींना आगी लागल्या. त्यानंतर त्याच वर्षीं बॅटरीच्या सुरक्षिततेचे नियम कडक करण्यांत आले. परंतु नियम कारखान्यास लागू होतात, गोठ्यास नव्हे. चार्जिंगची जागा मोकळी, कडबा व गवतापासून दूर असावी. निजण्याच्या खोलींत किंवा घराच्या एकुलत्या एक दारांत गाडी लावूं नये. धूर अगर फुसफुस आवाज आल्यास माणसें व जनावरें दूर न्यावीं, शक्य असल्यास मुख्य खटका बंद करावा व ११२ वर कळवावें. विझलेली बॅटरी पुन्हां पेटते, हें ध्यानांत ठेवावें.

पाणी

पावसानें गाडी भिजली तर बिघडत नाहीं. परंतु फवारणीच्या पंपाची किंवा जोराची धार मोटारीवर व जोडांवर मारूं नये. ओल्या फडक्यानें पुसावी. जोड भिजले असतील तर वाळल्यावांचून चार्जिंग करूं नये.

तपासणीचा क्रम

रोज: सॉकेट, प्लग व वायर डोळ्यांनीं पाहावीं, उंदरानें कुरतडलेली वायर तत्काळ बदलावी.
दर आठवड्यास: टायरांतील हवा पाहावी, हवा कमी असल्यास त्याच चार्जवर गाडी कमी अंतर जाते.
दर महिन्यास: आरसीसीबीचें बटण दाबावें. शिशाच्या बॅटरीचें पाणी पाहावें. तिच्या टोकांवरील पांढरा-हिरवा थर गाडी बंद करून खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानें पुसावा, कोरडें करून व्हॅसलिन लावावें.
दर सहा महिन्यांस: ब्रेक, तारांचे जोड व अर्थिंग जाणत्याकडून तपासून घ्यावें.

ह्या सर्वांस महिन्याकांठीं दोन तासही लागत नाहींत. बैल आजारी पडला तर वैरण टाकतो व आपणांस आधीं कळतें. ही गाडी तसें कांहीं सांगत नाहीं. म्हणून आज रात्रीं गाडी लावल्यावर अर्ध्या तासानें सॉकेटास हात लावून पाहावा, एवढेंच आमचें वाचकांस सांगणें आहे.