लाभ, दोन, तीन

धामणगावच्या बाजारात मी मापारी होतो. पहिल्या मापाला मापारी ‘एक’ म्हणत नाही, ‘लाभ’ म्हणतो. मग दोन, तीन. काटा सुटला तेव्हा मोजायची खोड राहिली, म्हणून पाखरं धरली. थंडीपुरते आपल्याकडे येणारे शिकारी पक्षी. अकरा हिवाळ्यांत कळलं ते एवढं :

१. वऱ्हाडात नुसतं आभाळ पाहून मोजणी होत नाही.

जॉर्जियात बाटुमीला एका हंगामात दहा लाखांवर शिकारी पक्षी डोक्यावरून जातात, अमेरिकेतल्या हॉक माउंटनवर १९३४ पासून मोजदाद चालू आहे, असं वाचलं आणि खुर्ची घेऊन गच्चीवर बसलो. तीन संध्याकाळी मिळून सतरा घारी लिहिल्या. चौथ्या दिवशी उजेड पडला. मटण बाजारावरच्या त्याच चार-पाच घारी फिरून फिरून येत होत्या! बाटुमीत एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर, म्हणून पाखरं बोळातून आल्यासारखी येतात. आपला मुलूख ताटासारखा. कोण कुठून गेलं, पत्ता लागत नाही.

२. ती झोपायला येतात तिथं जा.

भोवत्या हा पक्षी मला सोयाबीनच्या सोंगणीत दिसला. वावर मोकळं झालं की नाकतोडे उघडे पडतात आणि हा वीतभर उंचीवरून, पंख वर धरून, धुऱ्या-धुऱ्यानं तरंगत फिरतो. सप्टेंबरअखेर येतो, मार्च-एप्रिलात परत रशिया-कझाकस्तानच्या माळांकडे. एवढा मोठा पक्षी, पण रात्री झाडावर बसत नाही. गवतात, जमिनीवर झोपतो, तोही घोळक्यानं. आमच्याकडे असं गवत उरलंय ते गावाच्या ई-क्लास, म्हणजे गुरं चारायच्या सरकारी जमिनीवर. सूर्य बुडायच्या तासभर आधी धुऱ्याला पाठ लावून बसायचं. पहिला आला की मी आजही पुटपुटतो, लाभ.

तिथंच गुरं वळणाऱ्या म्हातारबांनी मला गाठलं. “काऊन जी, काय पायता?”
“पाखरं मोजतो बाबाजी.”
“कोन पैसे देते?”
“कोणी नाही.”
ते माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी मात्र गुरं पलीकडून नेली.

३. आलेल्यातून गेलेले वजा करा.

मापात पाप होतं ते इथं. भोवत्या एकदा उतरून गप्प बसत नाही. उठतो, चक्कर मारतो, दुसरीकडे उतरतो. एका संध्याकाळी मी एकसष्ट मोजले आणि रात्री आनंदानं झोप नाही. पुढच्या खेपेला भाच्याला सोबत नेलं. त्यानं फक्त उठणारे मोजायचे, मी फक्त उतरणारे. वजाबाकी झाली तेव्हा उरले तेवीस. एकसष्टचं पान अजून वहीत आहे, आडवी रेघ मारून.

४. ‘ओळख पटली नाही’ असा रकाना ठेवा, आणि तो भरू द्या.

माँटेग्यू आणि पॅलिड या भोवत्यांच्या दोन जाती. त्यांचे नर सोपे. माँटेग्यूच्या राखाडी पंखावर काळी रेघ असते, पॅलिड जवळजवळ पांढरा, काळं फक्त पंखाच्या टोकाला, पाचरीसारखं. पण माद्या आणि पिल्लं दोन्हींची तपकिरी, शेपटीच्या मुळाशी पांढरा डाग. पावणेसहाच्या उजेडात त्यांची जात सांगणारा माणूस मला भेटला की मी त्याचा चहा पितो आणि त्याचा आकडा सोडतो. पक्षी सप्ताहात, म्हणजे चितमपल्लींच्या ५ नोव्हेंबरपासून सालिम अलींच्या १२ नोव्हेंबरपर्यंतच्या वाढदिवसांत, असे बरेच भेटतात.

५. गवतात शिरायचं ते भर दुपारी, पाखरं नसताना.

बसायची जागा ओळखू येते. ताटलीएवढं गवत दबलेलं, कडेला पांढरी विष्ठा. जवळच बोटाच्या पेराएवढं कोरडं बोळं पडलेलं असतं. न पचलेलं ते तोंडावाटे टाकतात. वर्तमानपत्रावर ठेवून सुईनं उकललं, तर नाकतोड्यांचे करवतीसारखे पाय, चकचकीत जबडे आणि मध्येच उंदराचा पिवळट दात. तो कागद मी म्हातारबांना दाखवला. ते म्हणाले, “म्हंजे हे तं आमचंच काम करते.” त्यांच्या वावरातल्या बांधावर फवारा मारायचं त्यांनी सोडलं का, ते मी विचारलं नाही.

६. अमूर ससाण्याच्या मागं धावू नका.

नागालँडच्या पांगती गावाजवळ थवे उतरतात, २०१३ साली उपग्रहाचं यंत्र बांधलेल्या तिघांना नागा, वोखा, पांगती अशी नावं दिली होती. ते आफ्रिकेला जाताना भारत ओलांडतात. मी दोन नोव्हेंबर त्यात घालवले. हाती सर्दी.

७. शून्य लिहा.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीआधीच कोणीतरी त्या ई-क्लासला काडी लावली. सहा संध्याकाळी बसलो. वारा, वेळ, ढग, सगळं लिहून पुढं शून्य. म्हातारबांनी वहीत डोकावून विचारलं, “काहीच नाई तं कायले लिवता?”
“नाही लिहिलं तर मी आलोच नव्हतो असं होईल.”
गेल्या हिवाळ्यात गवत गुडघ्याएवढं आलं. पहिल्या दिवशी उतरले चार, उठला एक. मी वहीत तीन लिहिले. म्हातारबांनी माझ्या आधी मोजले होते. त्यांचे पाच झाले.