मांजरीचे पिल्लू आणि गाईचे दूध

प्रश्न : पावसात जिन्याखाली सापडलेले, महिनाभराचे मांजरीचे पिल्लू घरी आणले आहे. गाईचे दूध आवडीने पिते, पण जुलाब होतात. दूध पातळ करून द्यावे का?
– एक वाचक, हेंद्रेपाडा, बदलापूर

उत्तर : आपल्या पिल्लाची भूक शाबूत आहे, हे चांगले लक्षण होय. मात्र दूध हेच मांजराचे अन्न हा समज चुकीचा आहे. गाईच्या दुधातील लॅक्टोज, म्हणजे दुग्धशर्करा, अनेक पिल्लांना पचत नाही आणि पाणी घातल्याने केवळ पोषण घटते. त्याऐवजी मांजराच्या पिल्लांसाठीची दूधभुकटी कोमट पाण्यात कालवून, तीत पिल्लांचे खाद्य मऊ भिजवून, दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे द्यावे. अंग गार लागल्यास आधी ऊब द्यावी, कारण गारठलेल्या पिल्लाला अन्न पचत नाही. बाटलीने पाजताना त्याला पोटावरच ठेवावे, उताणे धरल्यास दूध फुप्फुसात जाऊ शकते. जुलाब थांबले नाहीत किंवा पिल्लू मलूल झाले, तर त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यावे, कारण एवढ्याशा जिवाच्या अंगातील पाणी झपाट्याने कमी होते. जंताच्या औषधाची मात्राही तेथेच वजनानुसार ठरते. लसीकरण 6 ते 8 आठवड्यांपासून सुरू होते, रेबीजची लस साधारणतः 12 आठवड्यांनंतर देतात. घरातील पॅरासिटामॉल मात्र कदापि देऊ नये. मांजरांना ते प्राणघातक ठरते.